नोकोना गावचा हातमोजा



मथळा वाचून तुम्ही म्हणाल, आजवर हुमणी, बीजप्रक्रिया आणि मातीपरीक्षण यांवर लिहिणाऱ्या माणसाला हातमोजा कुठून आठवला? आणि तोही अमेरिकेतला! पण थोडा धीर धरा. या हातमोज्याची सुरुवात कुरणात आणि गोठ्यात होते. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याने ही हकीकत जरूर ऐकावी.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आणि आमची मंडळी महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. त्याचा मुलगा दहा वर्षांचा. आपल्याकडची पोरे जशी सकाळी उठली की बॅट घेऊन पळतात, तसा तो बेसबॉलसाठी पळतो. एक दिवस तो रडवेला होऊन घरी आला. त्याच्या हातमोज्याची अंगठ्याजवळची शिवण उसवली होती आणि आतला पुठ्ठ्यासारखा थर बाहेर डोकावत होता. वर्षसुद्धा झाले नव्हते घेऊन.

मी आजोबापणाच्या जोरात बोलून गेलो, "रडू नकोस. नवा मी घेऊन देतो."

भाचा हसला. म्हणाला, "मामा, आधी भाव विचारावा, मग बोली लावावी, असं तुम्हीच लोकांना सांगता ना? पन्नास डॉलरलाही मोजा मिळतो, तो असाच उसवतो. इथल्या माणसांनी इथेच हातानं केलेला पाहिजे असेल, तर तीनशे डॉलरच्या पुढे जातो."

तीनशे डॉलर म्हणजे आपले २५,००० रुपयांच्या वर. एवढ्यात आपल्याकडे दोन बऱ्यापैकी शेळ्या दारात येतात. आमच्या मंडळींनी हिशेब ऐकला आणि विचारले, "एका मोज्याला? आणि तोही एकाच हाताचा?"

खरेच, हा मोजा एकाच हाताचा असतो. पण शब्द दिला होता. मी म्हटले, "एवढी किंमत द्यायची, तर माल कुठे आणि कसा होतो ते बघून देऊ." भाचा म्हणाला, "मग चला, गाव काही फार लांब नाही."

बैलांच्या वाटेवरचे गाव

गावाचे नाव नोकोना. डॅलसपासून वायव्येला साधारण १६० किलोमीटर. शहराची गर्दी मागे पडली आणि मला बरे वाटू लागले, कारण आता दोन्ही बाजूंना ओळखीच्या गोष्टी दिसू लागल्या. तांबूस, वाळूमिश्रित माती. ठेंगण्या ओक झाडांची राने. मोठमोठी कुरणे, त्यांना काटेरी तारेचे कुंपण, आणि गवताचे माणसाच्या उंचीचे गोल गठ्ठे ओळीने मांडून ठेवलेले. मधूनच जमिनीतून खनिज तेल उपसणारा एखादा पंप मान वरखाली करताना दिसे. लांबून पाहिले तर वाटावे, जनावर पाणी पीत आहे.

जवळजवळ प्रत्येक कुरणात एक शेततळे होते. तिथले शेतकरी त्याला 'टँक' म्हणतात. कोशकार सांगतात की इंग्रजीतल्या या शब्दाचे नाते पोर्तुगीज भाषेशी आहे, तसेच आपल्याकडच्या 'टाके' या शब्दाशीही आहे. हजारो मैलांवर आपल्या टाक्याची भावकी भेटली म्हणून मला गंमत वाटली.

नोकोना हे साधारण तीन हजार वस्तीचे गाव. आपल्याकडे याला मोठे खेडे म्हणावे. उत्तरेला थोड्याच अंतरावर रेड रिव्हर, म्हणजे तांबडी नदी, आणि पलीकडे ओक्लाहोमा राज्य. गावाला नाव मिळाले ते पेटा नोकोना या कोमांचे जमातीच्या पुढाऱ्याचे. या माळरानावर एकेकाळी कोमांचे लोक राहत आणि बायसन नावाच्या रानटी जनावरावर त्यांचा संसार चाले. इंग्रजीत त्यालाही 'बफेलो' म्हणतात, पण ती आपली म्हैस नव्हे. अंगाने थोराड, खांद्यावर उंचवटा, मानेला दाट केस. १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यासाठी या जनावरांची बेसुमार कत्तल केली. कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे त्या कातड्याचे होत. कोट्यवधींचे कळप होते, ते हजाराच्याही खाली आले. जनावर गेले आणि त्यावर जगणारी माणसेही देशोधडीला लागली. ही गोष्ट कडू आहे, पण गावाच्या नावातच ती असल्यामुळे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर या वाटेने गाईबैलांचे तांडे जाऊ लागले. १८६७ पासून पुढे सुमारे वीस वर्षे टेक्सासमधली लाखो जनावरे पायी हाकत उत्तरेला कॅन्सस राज्यातल्या रेल्वेपर्यंत नेत. त्या वाटेला चिझम ट्रेल म्हणतात. नदी ओलांडण्याचा तिचा एक मोठा उतार नोकोनापासून जवळच होता. महिनोन्महिने घोड्यावर बसणाऱ्या गुराख्यांना मजबूत बूट लागत. हे ओळखून एच. जे. जस्टिन नावाच्या कारागिराने १८७९ मध्ये नदीकाठच्या स्पॅनिश फोर्ट या वस्तीत बूट शिवायला सुरुवात केली. १८८७ मध्ये रेल्वे आली, नोकोना गाव वसले, आणि १८८९ मध्ये जस्टिन आपले दुकान घेऊन तिथे आला.

१९२५ मध्ये जस्टिनच्या मुलांनी कारखाना फोर्ट वर्थ या मोठ्या शहरात हलवला. बहीण एनिड मात्र हलली नाही. धंदा गावातच राहिला पाहिजे, असे म्हणून तिने त्याच साली नोकोनात स्वतःचा बुटांचा कारखाना काढला. त्या काळी एका बाईने असे पाऊल उचलणे सोपे नव्हते. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, गावात चामड्याच्या वस्तूंची दुसरी कंपनी उभी राहिली. ती बायकांच्या पर्स आणि पुरुषांची पाकिटे करी. थोड्याच वर्षांत अमेरिकेत मोठी मंदी आली. ज्याच्या खिशात पैसा नाही तो पाकीट कशाला घेईल? कंपनीत बॉब स्टोरी नावाचे गृहस्थ होते. कॉलेजात असताना ते बेसबॉल खेळलेले. चामडे आहे, शिवणारे हात आहेत, मग खेळाचे हातमोजे का करू नयेत, असा विचार होऊन १९३४ मध्ये हातमोजे सुरू झाले. गावाचे नाव व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवता येईना, म्हणून इंग्रजी नावातले 'सी' अक्षर काढून 'के' घातले. आजही गावाच्या पाटीवर 'सी' आहे आणि हातमोज्यावर 'के'.

मोजा कशासाठी?

बेसबॉल हा क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, पण तसाच टणक. मोठे खेळाडू तो ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने टाकतात आणि फळीवरून तो त्याहूनही जोरात सुटतो. क्रिकेटमध्ये चेंडू अडवणाऱ्यांपैकी फक्त यष्टिरक्षकाला हातमोजे असतात. इथे चेंडू अडवणाऱ्या प्रत्येकाच्या एका हातात मोजा असतो. उजव्या हाताने फेकणारा तो डाव्या हातात घालतो, फेकायचा हात मोकळा ठेवतो. आमच्या मंडळींच्या शंकेचे उत्तर हे.

सुरुवातीला तिकडेही सगळे उघड्या हाताने खेळत. बोटे मोडत, तळवे सुजत. १८७५ मध्ये चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूने हातमोजा घातला, तोही कातडीच्या रंगाचा, म्हणजे लोकांच्या लक्षात येऊ नये. तरी लोकांनी त्याची टर उडवलीच. दोन वर्षांनी अल्बर्ट स्पाल्डिंग या नामांकित खेळाडूने उघडपणे काळा मोजा घातला, तेव्हा लोकांची लाज गेली. पुढे १९२० च्या सुमारास बिल डोक या गोलंदाजाने सुचवले की अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये वाद्यांची जाळी विणावी. तिथे खोलगट खोबण तयार झाली आणि चेंडू तळव्यावर आपटण्याऐवजी जाळीत विसावू लागला. हात झाकणारा मोजा त्या दिवसापासून चेंडू धरणारे अवजार झाला.

आणि अवजार म्हटले की शेतकऱ्याला दोन प्रश्न पडतात. कशाचे केले? कसे केले?

कातडे खोटे बोलत नाही

कारखाना पाहायला येणाऱ्यांना तिथे आत नेऊन दाखवतात. आत पाऊल टाकताच कमावलेल्या कातड्याचा वास आला आणि मी क्षणभर पन्नास वर्षे मागे गेलो. त्याबद्दल पुढे सांगतो.

कातडी घडीने रचून ठेवलेली होती. कुठे गाईबैलांची, कुठे बायसनची, कुठे कांगारूची. बायसन आता पुन्हा खासगी कुरणांत पाळले जातात. त्यांचे कातडे दाणेदार दिसते, मजबूत असते, आणि तरी मऊ लागते. कांगारूचे कातडे पातळ व हलके, पण चिवट. तिकडे जनावर पाळले जाते मांसासाठी आणि कातडे ही मागाहूनची मिळकत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपली रीत निराळी, त्यांची निराळी. पण कातड्याची पारख दोन्हीकडे एकच.

पारख कशी करतात ते सांगतो. कातडे टेबलावर पसरायचे आणि उजेडात हात फिरवत जायचे. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट आणि एकसारखा, तो मोज्याच्या तळव्यासाठी उत्तम. पोटाकडचा भाग सैल, तो ताणला जातो, म्हणून महत्त्वाच्या जागी चालत नाही. मध्ये कुठे काटेरी तारेचा ओरखडा असेल, डागणीची खूण असेल, गोचिडांनी चावून केलेले ठिपके असतील, तर तेवढी जागा सोडून द्यावी लागते. पाठीच्या कातडीखाली अळी वाढवणारी एक माशी असते. त्या अळ्या बाहेर पडताना नेमक्या पाठीवर, म्हणजे सर्वांत मोलाच्या जागी, भोके पाडतात. जनावर जिवंत असताना मालकाने त्याला कसे ठेवले, हे सारे त्या कातड्यावर लिहिलेले असते.

टेक्सासच्या शेतकऱ्यांनी गोचिडांशी मोठी लढाई दिली आहे. गोचीडतापाने त्यांची जनावरे मरत आणि इतर राज्ये टेक्सासची गुरे हद्दीत येऊ देत नसत. १९०६ मध्ये सरकारने मोहीम सुरू केली. जनावरे ठरावीक दिवसांनी औषधाच्या हौदातून पोहवून काढत. कित्येक शेतकऱ्यांनी विरोध केला. पण काम नेटाने चालू राहिले आणि १९४३ मध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतची पट्टी सोडून बाकी देश त्या गोचिडांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. सदतीस वर्षे लागली! आपण दोनदा फवारणी करून 'औषध लागू पडत नाही' म्हणतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

हाताचे काम

आता मोजा कसा होतो ते पाहू. सुधारलेल्या जगातले काम म्हणून मी बटण दाबले की मोजा बाहेर पडेल अशा कल्पनेत होतो. तसे काहीच नव्हते. यंत्रे होती, पण प्रत्येक यंत्रापुढे माणूस होता आणि यंत्र त्याच्या हाताच्या मर्जीने चालत होते.

आधी पोलादी साचा कातड्यावर ठेवून प्रेसखाली दाबतात, की तुकडा कापला जातो. साचा कुठे ठेवायचा हे माणूस ठरवतो. एका मोज्याचे सगळे तुकडे एकाच जाडीचे आणि एकाच ताणाचे हवेत. दोन बैल बरोबरीचे नसतील तर नांगर वाकडा जातो, तसेच हे. मग तुकड्यांवर गरम ठशाने नाव उमटवतात.

शिवण मात्र उलट्या बाजूने घालतात. आपल्या घरात उशीचा अभ्रा उलटा शिवून मग सुलटा करतात, तसे. पण अभ्रा कापडाचा आणि हे जाड कातडे, त्यात पाच बोटे! ते सुलटे करण्यासाठी बोटांच्या आकाराचे लोखंडी खुंट असतात, ते तापवलेले असतात. त्यावर एकेक बोट चढवून, दाबून, ओढून उलटायचे. जोर कमी पडला तर टोक आत राहते, जास्त झाला तर शिवण फाटते. हे काम करणाऱ्या माणसाचे मनगट आपल्याकडच्या कुस्तीगिरासारखे होते.

नंतर आतले अस्तर, तळव्याच्या टाचेजवळची गादी, आणि सर्वांत शेवटी वाद्या. चामड्याची लांब वादी सुईत ओवून भोकाभोकांतून फिरवायची, बोटे एकमेकांना बांधायची, जाळी विणायची. एक बाई हे करत होत्या. नजर मोज्यावर, हात आपले चालूच. वादी किती ओढायची, हे त्यांच्या बोटांना माहीत होते. मी भाच्यामार्फत विचारले, "किती ओढायची, हे कसं कळतं?" त्या हसून म्हणाल्या, "वादीच सांगते." मग त्यांनी हात पुढे करून दाखवला. उजव्या हाताच्या करंगळीच्या कडेला, वादी जिथे आवळतात तिथे, घट्टा पडलेला होता.

शेवटी मोजा तापवलेल्या लोखंडी हातावर चढवून ठोकून आकारात आणतात आणि तेलाचा हात फिरवतात. मग तो तुमच्या हाती येतो. पण तेव्हाही काम संपलेले नसते. नवा मोजा ताठ असतो, मिटता मिटत नाही. नवी वहाण जशी चार दिवस चावते, नवा खोंड जसा जुवाखाली मान देत नाही, तसा. त्याला वळण लावावे लागते. खोबणीत चेंडू घालून, दोरीने बांधून रात्री गादीखाली ठेवायचा. दिवसा झेल घ्यायचे. तेल अगदी थोडे, नाहीतर कातडे जड होते. भिजला तर सावलीत वाळवायचा, उन्हात किंवा विस्तवाजवळ कधीच नाही. असे काही आठवडे गेले की मोजा त्या हाताचा होतो. दुसऱ्याने घातला तर त्याला तो परका वाटतो. वाद्या झिजल्या तर बदलता येतात. म्हणूनच असा मोजा बाप मुलाला देतो.

कसब राहिले, माल बदलला

१९६० नंतर अमेरिकेतल्या हातमोज्यांचा धंदा हळूहळू आशियातल्या देशांत गेला, कारण तिकडे मजुरी स्वस्त. आज अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक मोजे बाहेरून येतात. नोकोनाच्या मालकांनी मात्र काम गावातच ठेवले. याची किंमत त्यांनी मोजली आहे. जुलै २००६ मध्ये कारखाना आगीत जळून खाक झाला. दुसऱ्या जागी पुन्हा काम सुरू केले. २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि नव्या भागीदारांनी हात दिल्यावर सावरली. गावातला एनिडबाईंचा बुटांचा कारखानाही टिकला नाही. त्या १९९० मध्ये वारल्या आणि १९९९ मध्ये तो बंद झाला. तेव्हा नुसता निर्धार केला की धंदा चालतोच, असे मी तुम्हाला सांगणार नाही. एक टिकला, एक गेला.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. या गावाने गुराख्यांचे बूट केले, मग पर्स केल्या, पर्स खपेनात तेव्हा खेळाचे मोजे केले, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी तेच मोजे पुरवले. माल बदलला, हातातले कसब गावातच राहिले.

आता मघाच्या वासाबद्दल सांगतो.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. रब्बीच्या तोंडावर गावातले चर्मकार काका मोट दुरुस्त करायला येत. धावेजवळच्या बाभळीखाली रापी, आरी आणि एरंडेलाची वाटी मांडून बसत. मोटेची सोंड जिथे फाटली असेल तिथे असे ठिगळ लावत की त्यातून पाण्याचा थेंब गळत नसे. वादी आवळताना ती करंगळीच्या कडेला गुंडाळत. तिथे त्यांच्या हाताला घट्टा पडलेला होता. नोकोनातल्या बाईंचा हात पाहिला, तेव्हा मला तोच हात दिसला.

१९७६ मध्ये आमच्या मळ्यात वीज आली आणि पंप बसला. मोट गेली याचे दुःख कोणी करू नये. बैलांचे आणि माणसांचे हाल संपले. पण त्या वर्षी दसरा झाल्यावर काका नेहमीसारखे आले, बाभळीखाली थोडा वेळ बसले आणि आरी न काढताच उठून गेले. त्या हाताला आता दुसरे कोणते काम द्यावे, हे गावात कोणालाही सुचले नाही. आम्ही त्यांना सुगीला धान्य देत होतो, पण ओट्यावर बसा असे कधी म्हटले नव्हते. प्यायला पाणी वरून ओंजळीत घालत होतो. ज्याला आपण शेजारी बसवत नाही, त्याच्या कसबाचा विचार आपण कशाला करणार? त्यांची मुले मुंबईला गेली आणि ती विद्या आमच्या गावातून कायमची संपली.

शेतीखात्यात मी तीस वर्षे नवे बियाणे आणि नवे यंत्र घेऊन गावोगाव हिंडलो. जुने टाका, नवे घ्या, असे हजारदा सांगितले आणि ते बहुतेक वेळा बरोबरही होते. पण जुने टाकताना त्या जुन्यावर ज्याचे पोट आणि ज्याची विद्या आहे, त्याचे पुढे काय, हा प्रश्न मी एकाही सभेत विचारला नाही. तो मला नोकोनात, परक्या मुलखात सुचला. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण मानांकनाने कारागिराचे पोट भरत नाही. गिऱ्हाइकाने दोन पैसे जास्त मोजून खरा माल घेतला, तरच ते भरते.

मोजा घेतला की नाही?

घेतला. पण त्याआधी भाच्याने एक खोच काढली. "मामा, पोराचा हात वाढतो आहे. दोन वर्षांत मोजा लहान होईल." मीही शेतकऱ्याचाच मुलगा. म्हटले, "मग वाढत्या हाताला पुरेल असा घेऊ. आणि फुकट नाही. निम्मे माझे, निम्मे त्याचे."

नातवाचे तोंड पडले. पण त्या सुट्टीत त्याने शेजारपाजारच्या तीन घरांचे गवत कापले, दोन घरांची कुत्री फिरवली आणि एका डब्यात पैसे साठवले. निम्मे काही भरले नाहीत. जेवढे भरले तेवढ्यात मी बाकीचे घातले. मोजा हातात आला तेव्हा पोराने तो आधी नाकाला लावला.

आम्ही परत निघालो त्या रात्री तो गादीखाली मोजा ठेवून झोपला होता. आमची मंडळी म्हणाली, "पाठीला टोचत नाही का रे?" तो म्हणाला, "टोचतो. पण आजी, तो माझा आकार शिकतोय."

परवा त्याचा फोन आला. मोजा आता मिटतो म्हणाला. अंगठ्याजवळची एक वादी ढिली झाली होती, ती त्याने स्वतः ओढून बांधली. गाठ नीट बसली का, हे त्याने मला फोनवर दाखवले. गाठ ओबडधोबड होती, पण घट्ट होती.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे करा. दावणीच्या जनावराला पराणीने टोचू नका, गोचीड झाले तर हयगय करू नका. तो मुका जीव आहे आणि त्याच्या कातडीवर तुमची वागणूक लिहिली जाते. आणि तुमच्या गावात अजून कोणी हाताने वहाण शिवणारा, दोर वळणारा, टोपली विणणारा राहिला असेल, तर त्याला ओट्यावर बोलवा, चहा द्या, आणि विचारा की आता तुम्ही आणखी काय करू शकाल. आमच्या गावात हे विचारायला कोणी उरले नाही. तुमच्या गावात कदाचित अजून असेल.